कागदावरची जकात आणि रिचर्ड कॉब्डेन

आमच्या बी. कॉम.च्या पाठ्यपुस्तकात रिचर्ड कॉब्डेन या माणसाच्या वाट्याला अवघी दीड ओळ आली आहे. १८६० साली इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात जो व्यापारी करार झाला तो त्याच्या नावाने ओळखला जातो, एवढाच त्या दीड ओळीचा मतलब. दोन गुणांच्या प्रश्नासाठी मी ती पाठ केली आणि पेपर संपल्यावर रीतीप्रमाणे विसरूनही गेलो.

पुढे दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावरची जकात आधी पंचवीस आणि नंतर पन्नास टक्क्यांवर नेली आणि जकात हा आमच्या वर्गातला रूक्ष शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येऊ लागला. जकात ही केवळ तिजोरी भरण्यासाठी नसते, समोरच्याला वाटाघाटीला बसवण्याचे ते एक हत्यार असते, हे ज्याला त्याला कळू लागले. दुसरी गोष्ट अगदी घरगुती. याच अंकाच्या तयारीच्या बैठकीत कागद महागल्यामुळे पाने कमी करावी लागतील असे आम्हांला सांगण्यात आले. मग मराठी विभागाने आधी पाने सोडायची की कन्नड विभागाने, यावर दोन्ही बाजूंनी बरीच घासाघीस झाली. तुम्ही चार सोडा, मग आम्ही चार सोडतो, असा तो मामला होता. बैठक काही निर्णय न होता उठली.

त्या आठवड्यात ग्रंथालयात बसलो असता कॉब्डेनचे नाव पुन्हा समोर आले आणि ध्यानात आले, की या दोन्ही गोष्टी, म्हणजे जकातीची सौदेबाजी आणि कागदाची किंमत, एका माणसाच्या आयुष्यात एकत्र आल्या होत्या. मराठीत आपण जकात म्हणतो, कन्नडमध्ये सुंक. आमच्या भागात जकाते हे आडनाव आहे आणि सुंकद हेही आहे. इतकी ही गोष्ट आपल्या अंगवळणी पडलेली. तिच्याविरुद्ध ज्याने आपले आयुष्य आणि आपला धंदा पणाला लावला, त्याची हकीकत आपल्या विद्यार्थी मित्रांना सांगावी असे वाटले, म्हणून हा लेख.

रिचर्ड कॉब्डेनचा जन्म ३ जून १८०४ रोजी इंग्लंडच्या दक्षिण भागात, ससेक्स परगण्यातील मिडहर्स्टजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. अकरा भावंडांतला तो चौथा. वडील स्वभावाने भले, पण व्यवहारात कच्चे. शेती हातची गेली आणि मुले नातेवाइकांकडे पांगली. दहा वर्षांच्या रिचर्डला दूर यॉर्कशायरमधल्या एका निवासी शाळेत पाठवले गेले. तेथे पोटाची आबाळ होती आणि शिक्षणाचीही होती. पाच वर्षे तो तेथे राहिला आणि त्या दिवसांविषयी पुढे आयुष्यभर बोलायचे टाळत असे. पंधराव्या वर्षी नात्यातल्या एका व्यापाऱ्याच्या लंडनमधील कापडाच्या वखारीत तो कारकून म्हणून लागला. धंद्यात पडलेल्या मुलाने पुस्तकांत डोके घालावे हे त्या व्यापाऱ्याला पसंत नव्हते. पण मुलाने वाचन सोडले नाही. फ्रेंच भाषा तो आपली आपणच शिकला. पुढे हीच भाषा त्याच्या कामी कशी आली ते ओघाने येईलच.

विसाव्या वर्षानंतर तो मलमल आणि छिटे विकणारा फिरता विक्रेता झाला. घोडागाडीने गावोगाव हिंडायचे, दुकानदारांशी बोलायचे, मागणी नोंदवायची. माणसांशी बोलण्याची कला तो तेथेच शिकला असावा. १८२८ साली दोघा मित्रांबरोबर, थोड्याशा आणि तेही बरेचसे उसन्या भांडवलावर, त्याने स्वतःचा धंदा सुरू केला. १८३१ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट झाली. छापील सुती कापडावर इंग्लंडमध्ये पिढ्यान् पिढ्या चालत आलेला अबकारी कर सरकारने रद्द केला. त्याबरोबर या तिघांनी लँकेशायरमधल्या सॅबडेन या खेड्यात छिटे छापण्याचा कारखाना घेतला आणि थोड्याच वर्षांत कॉब्डेन मँचेस्टरचा प्रतिष्ठित कारखानदार बनला. एक कर उठला आणि एक कारकून कारखानदार झाला! कराचा परिणाम काय होतो हे त्याला पुस्तकात वाचावे लागले नाही.

दुसरा एखादा येथे थांबला असता. कॉब्डेनने मात्र पैसा हाती येताच प्रवास केला, वाचन केले आणि लिहायला घेतले. १८३५ मध्ये इंग्लंड, आयर्लंड व अमेरिका यांच्याविषयी आणि १८३६ मध्ये रशियाविषयी त्याने लिहिलेल्या पुस्तिका मँचेस्टरचा एक कारखानदार अशा सहीने प्रसिद्ध झाल्या. दुसऱ्या देशांच्या भांडणात इंग्लंडने पडू नये, सैन्यावरचा खर्च कमी करावा आणि देशादेशांतला व्यापार मोकळा करावा, हे त्याचे म्हणणे तेव्हापासून अखेरपर्यंत बदलले नाही.

त्या काळी इंग्लंडात धान्यकायदे जारी होते. १८१५ च्या कायद्याप्रमाणे देशातला गव्हाचा भाव क्वार्टरमागे ऐंशी शिलिंगांपर्यंत चढेपर्यंत परदेशी गहू देशात विकायला बंदी होती. पुढे १८२८ साली भावाप्रमाणे चढउतार होणारी जकात आली, पण मूळ हेतू तोच राहिला. जमीनदारांच्या खंडाला धक्का लागू नये म्हणून गिरणीतल्या मजुराने महाग पाव खायचा, असा त्याचा सरळ अर्थ. १८३९ मध्ये मँचेस्टरमध्ये धान्यकायदाविरोधी संघ स्थापन झाला आणि कॉब्डेन त्याचा आत्मा बनला. १८४१ साली तो स्टॉकपोर्टतर्फे पार्लमेंटवर निवडून आला. त्याच वर्षी जॉन ब्राइट या तरुण मित्राची पत्नी वारली. सांत्वनासाठी गेलेल्या कॉब्डेनने त्याला दुःखात बुडू न देता या कार्यात ओढून आणले. या जोडीचे नाव पुढे एकत्रच घेतले जाऊ लागले.

या चळवळीचे हत्यार होते छापील कागद. १० जानेवारी १८४० पासून इंग्लंडमध्ये एका पेनीत कोठेही पत्र जाऊ लागले होते. स्वस्त टपालासाठी पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देणाऱ्यांत कॉब्डेनही होता. संघाने या सोयीचा पुरेपूर उपयोग करून घेतला. १८४३ या एका वर्षात संघाने सुमारे नव्वद लाख पुस्तिका व पत्रके वाटली आणि त्यांचे वजन शंभर टनांच्या वर भरले. येथे मला थोडा हिशोब करण्याचा मोह आवरला नाही. त्या वेळी इंग्लंडमध्ये तयार होणाऱ्या कागदावर पौंडाच्या वजनामागे दीड पेनी अबकारी कर होता. शंभर टन म्हणजे २,२४,००० पौंड वजन. त्यावरचा कर ३,३६,००० पेनी, म्हणजेच १,४०० पौंड स्टर्लिंग. धान्यावरील जकातीविरुद्ध बोलायचे तर आधी कागदावरचा कर भरा, अशी ही गंमत होती!

१८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजले आणि दुष्काळ पडला. पंतप्रधान रॉबर्ट पील हा जमीनदारांच्या हुजूर पक्षाचा पुढारी. पण कॉब्डेनच्या युक्तिवादाने त्याचे मन आधीच डळमळले होते. जून १८४६ मध्ये धान्यकायदे रद्द करण्याचा कायदा मंजूर झाला. त्या पायी पीलचा पक्ष फुटला, त्याला राजीनामा द्यावा लागला. जाता जाता या सुधारणेचे श्रेय त्याने कॉब्डेनचे नाव घेऊन त्याला दिले.

विजय झाला, पण विजयी पुरुषाचे दिवाळे निघायची वेळ आली होती! सात वर्षे कारखान्याकडे पाहायला त्याला सवड झाली नव्हती. अखेर देशभर वर्गणी गोळा झाली. पाऊण लाख पौंडांहून अधिक रक्कम त्याला अर्पण करण्यात आली. कर्ज फेडून त्याने आपले जन्मघर विकत घेतले. उरलेल्यातला मोठा भाग अमेरिकेतल्या इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या शेअरांत घातला आणि तेथेही तो अडचणीत आला. राष्ट्राचा अर्थव्यवहार ज्याला कळतो त्याला घरचा कळतोच असे नाही, हे वाणिज्य शाखेच्या आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवावे.

आता कागदाकडे वळतो. इंग्लंडमध्ये १७१२ पासून छापील मजकुरावर तीन तऱ्हेचे कर होते. वर्तमानपत्राच्या प्रत्येक अंकावर स्टँप, प्रत्येक जाहिरातीवर कर आणि खुद्द कागदावर कर. १८१५ मध्ये वर्तमानपत्रावरचा स्टँप चार पेनीवर गेला होता. १८३६ मध्ये तो एक पेनी झाला. लोक या सगळ्यांना मिळून ज्ञानावरचे कर म्हणू लागले होते. गरिबाने वाचू नये हा त्यामागचा अंतस्थ हेतू कोणी फारसा लपवलाही नव्हता. स्वस्त वर्तमानपत्रे निघाली तर बंडखोरी आणि फालतूपणा माजेल अशी वरच्या वर्गाला भीती होती.

कागदावरच्या कराची रचना पाहण्यासारखी आहे. किमतीवर आधारलेला कर आणि वजनावर आधारलेला कर यांतला फरक आपण वर्गात शिकतो. इंग्लंडमधला कर वजनावर होता. म्हणजे श्रीमंताच्या गुळगुळीत पत्रकागदावर पौंडामागे दीड पेनी आणि शाळेच्या क्रमिक पुस्तकाच्या जाड्याभरड्या कागदावरही दीड पेनी! कागद जितका स्वस्त, तितका त्याच्या किमतीच्या मानाने कराचा बोजा जास्त. शिवाय हा कर पुस्तक विकले जाण्याआधीच वसूल होई. प्रती खपोत वा न खपोत, कर भरून चुकलेला. चार्ल्स नाइट या प्रकाशकाने सामान्य लोकांसाठी पेनी सायक्लोपीडिया नावाचा ज्ञानकोश १८३३ ते १८४३ या काळात काढला. कागदाच्या करापोटी त्याला सुमारे साडेसोळा हजार पौंड मोजावे लागले. लोकांना शहाणे करण्याच्या उद्योगावर सरकारने लावलेला हा दंडच म्हणायचा.

१८४९ पासून हे कर उठवण्यासाठी संघटित चळवळ सुरू झाली. मिल्नर गिब्सन तिचा पार्लमेंटमधला पुढारी होता आणि कॉब्डेन व ब्राइट तिचे खंदे पाठीराखे होते. १८५३ साली जाहिरातीवरचा कर गेला, १८५५ साली वर्तमानपत्रावरचा सक्तीचा स्टँप गेला. त्याच वर्षी डेली टेलिग्राफ निघाले आणि काही महिन्यांतच एका पेनीला मिळू लागले. मँचेस्टर गार्डियन दैनिक झाले आणि १८५७ मध्ये तेही पेनीवर आले. राहिला तो कागदावरचा कर.

मधल्या काळात कॉब्डेनवर दुःखांची रांग लागली. क्रिमियाच्या युद्धाला विरोध केल्यामुळे तो लोकांच्या मनातून उतरला. १८५६ मध्ये जर्मनीत शिकणारा त्याचा एकुलता एक मुलगा पंधराव्या वर्षी तापाने वारला आणि पत्नी कॅथरीन त्या धक्क्यातून कित्येक महिने सावरली नाही. १८५७ मध्ये चीनशी चाललेल्या युद्धाविरुद्ध त्याने मांडलेला ठराव कॉमन्स सभेत सोळा मतांनी मंजूर झाला खरा, पण पामर्स्टनने लगेच निवडणूक घेतली आणि तीत कॉब्डेन पडला. १८५९ मध्ये तो अमेरिकेत असताना रॉचडेलच्या मतदारांनी त्याला पुन्हा निवडून दिले. परत येताच पामर्स्टनने मंत्रिपद देऊ केले. ज्याच्या धोरणाला आपण विरोध केला त्याच्या मंत्रिमंडळात बसणे त्याला पटले नाही. त्याने नकार दिला.

याच वर्षी फ्रान्सची स्वारी येणार या भीतीने इंग्लंड घाबरले होते. गावोगाव स्वयंसेवक कवायत करत होते. अशा वेळी मिशेल शेव्हालिए या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाने करार करण्याची कल्पना मांडली. कॉब्डेनने अर्थमंत्री ग्लॅडस्टनशी बोलणे केले आणि सरकारी अधिकार हाती नसताना खासगी नात्याने तो पॅरिसला गेला. ऑक्टोबर १८५९ मध्ये त्याने तिसऱ्या नेपोलियनची भेट घेतली. लहानपणी स्वतः शिकलेली फ्रेंच भाषा आता उपयोगी पडली.

येथे माझ्यापुढे एक प्रश्न उभा राहिला. खुल्या व्यापाराच्या कट्टर पुरस्कर्त्याचे म्हणणे असे, की जकात उठवायची ती आपल्या भल्यासाठी. दुसरा उठवतो की नाही याची वाट पाहायची नाही. मग याच माणसाने सौदा करायला का बसावे? त्याच्या कित्येक अनुयायांनाही हे रुचले नाही. उत्तर फ्रान्सच्या राज्यघटनेत होते. तेथील विधिमंडळ संरक्षक जकातींच्या बाजूचे होते. पण १८५२ च्या घटनेप्रमाणे परराष्ट्राशी करार करून जकाती बदलण्याचा अधिकार सम्राटाला होता. कायदा करता येत नव्हता, करार मात्र करता येत होता.

२३ जानेवारी १८६० रोजी करारावर सह्या झाल्या. फ्रान्सने आयातबंद्या उठवायच्या, जकात जास्तीत जास्त तीस टक्के आणि १८६४ पासून पंचवीस टक्के ठेवायची, असे ठरले. इंग्लंडने फ्रेंच तयार मालावरच्या जवळजवळ सर्व जकाती काढायच्या आणि दारूवरची जकात कमी करायची होती. कोणत्याही तिसऱ्या देशाला जी सवलत मिळेल ती आपोआप परस्परांनाही मिळावी असे कलम त्यात होते. आपल्या पाठ्यपुस्तकातले सर्वाधिक अनुकूल राष्ट्राचे तत्त्व ते हेच. पण खरी मेख पुढे आहे. इंग्लंडने या जकाती एकट्या फ्रान्ससाठी कमी केल्या नाहीत, साऱ्या जगासाठी कमी केल्या. इंग्लंडमध्ये ४१९ जिनसांवर जकात होती, ती ४८ जिनसांवर आली. म्हणजे वाटाघाटी तर केल्या, पण आपल्या बाजूने जे सोडायचे ते ओलीस ठेवले नाही. नंतर नोव्हेंबरपर्यंत कॉब्डेन पॅरिसमध्ये बसून एकेका जिनसेचा दर फ्रेंच अधिकाऱ्यांशी ठरवत राहिला.

कराराची खरी परीक्षा कागदावर झाली. त्या काळी कागद चिंध्यांपासून बनत असे. ताग्याच्या आणि सुती कापडाच्या चिंध्या हा कागदगिरण्यांचा कच्चा माल होता. फ्रान्सने आपल्या गिरण्यांना चिंध्या स्वस्त मिळाव्यात म्हणून त्या देशाबाहेर न्यायला बंदी केली होती. करारानुसार इंग्लंडने फ्रेंच कागदावरची जकात आपल्या देशी कागदावरच्या अबकारी कराइतकी खाली आणायची होती. इंग्लिश कागदवाल्यांनी ओरड केली. फ्रान्स आपल्या चिंध्या सोडत नाही, मग आम्ही त्याच्या कागदाला दार का उघडावे? आधी त्यांना चिंध्या सोडू द्या! तक्रार अगदीच खोटी नव्हती. फ्रान्सने पुढे बंदी उठवली ती तिच्या जागी भारी निर्यात जकात बसवून.

पण या भांडणात एक पक्ष कोठेच नव्हता, तो म्हणजे कागद विकत घेणारा. प्रकाशक, छापखानेवाला, शाळा आणि शेवटी वाचक. फ्रान्सचे मन बदलेपर्यंत इंग्लंडमधल्या मुलाने पुस्तक महाग घ्यावे, हा कोणता न्याय? ऑगस्ट १८६० मध्ये ग्लॅडस्टनने कॉमन्स सभेकडून जकात कमी करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. चिंध्यांची चणचण होतीच. तिच्यावर उपायही निघाला. स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतून येणाऱ्या एस्पार्टो गवताचा कागद इंग्लंडमध्ये बनू लागला. पुढे लाकडाचा लगदा आला आणि चिंध्यांचा प्रश्नच मागे पडला.

कागदावरचा देशी कर उठवणे मात्र अजून बाकी होते. त्याच वर्षी ग्लॅडस्टनने ते विधेयक आणले. कॉमन्समध्ये ते केवळ नऊ मतांनी तरले आणि २१ मे १८६० रोजी लॉर्ड्स सभेने ते फेटाळले. करारामुळे आणि जकातींच्या कपातीमुळे उत्पन्न घटले असताना आणखी कर सोडणे परवडणार नाही, हे त्यांचे कारण. पुढच्या वर्षी ग्लॅडस्टनने सर्व करविषयक तरतुदी एकाच विधेयकात बांधून पाठवल्या. फेटाळायचे तर सगळा अर्थसंकल्प फेटाळावा लागला असता. लॉर्ड्स नमले. १ ऑक्टोबर १८६१ पासून कागदावरचा कर संपला. टाइम्स या वर्तमानपत्राची किंमत त्याच वर्षी चार पेनीवरून तीन पेनीवर आली, आणि सामान्य माणसाच्या खिशाला परवडणाऱ्या पुस्तकांच्या मार्गातला शेवटचा कर दूर झाला. या विधेयकाचे श्रेय ग्लॅडस्टनचे. पण त्याची जमीन कित्येक वर्षे नांगरणाऱ्यांत कॉब्डेन होता.

कराराबद्दल पामर्स्टनने त्याला सरदारकी देऊ केली. ती त्याने नाकारली. छातीचा विकार बळावत होता. मार्च १८६५ मध्ये कॅनडातल्या तटबंदीवरील खर्चाला विरोध करण्यासाठी तो कडाक्याच्या थंडीत लंडनला आला, आजारी पडला आणि २ एप्रिल रोजी त्याचे निधन झाले. ससेक्समधल्या वेस्ट लॅव्हिंग्टनच्या दफनभूमीत मुलाशेजारी त्याला पुरण्यात आले. तिरडीला खांदा देणाऱ्यांत ग्लॅडस्टन आणि ब्राइट होते. योगायोग असा, की त्याची मुलगी जेन हिने फिशर अन्विन या प्रकाशकाशी लग्न केले आणि दुसरी मुलगी ॲनी हिचा पती पुस्तकबांधणीचा श्रेष्ठ कारागीर झाला. त्याने तर कॉब्डेन हे नावच आपल्या आडनावाला जोडून घेतले.

येथपर्यंत लिहून मी थांबलो, कारण आपण हिंदी लोकांनी या माणसाकडे निव्वळ भक्तिभावाने पाहणे बरोबर होणार नाही. ज्या लँकेशायरमधून कॉब्डेन आला तेथल्याच गिरण्यांच्या कापडाने आपल्याकडचे माग बसवले. आमच्या शहापूर-वडगावच्या विणकरांच्या वस्तीत वाढलेल्या मुलाला हे शिकवावे लागत नाही. लँकेशायरच्या दडपणाखाली १८८२ मध्ये विलायती कापडावरची आयात जकात काढली गेली. उत्पन्नासाठी ती पुन्हा बसवावी लागली, तेव्हा १८९६ मध्ये येथल्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच, साडेतीन टक्के, अबकारी कर लादण्यात आला. खुल्या व्यापाराचे नाव आणि लँकेशायरचा फायदा! न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात व्याख्यान देताना, इंग्लंडचे अर्थशास्त्र हिंदुस्थानला जसेच्या तसे लागू पडत नाही, हे दाखवून दिले ते यासाठीच. फ्रान्स आपल्या जकाती स्वतः ठरवू शकत होता, म्हणून कॉब्डेन त्याच्यासमोर बसला. आपल्याला त्या मेजावर खुर्चीच नव्हती.

कॉब्डेनविषयी इतके मात्र म्हटले पाहिजे, की हिंदुस्थानवरच्या राज्याचा त्याला कधी अभिमान वाटला नाही. ब्रह्मदेशावर लादलेल्या युद्धाची कारणे किती पोकळ होती हे दाखवणारी पुस्तिका त्याने १८५३ मध्येच लिहिली होती. त्याचे मोठे चरित्र १८८१ मध्ये जॉन मोर्ले याने लिहिले. हाच मोर्ले पुढे भारतमंत्री झाला आणि १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांमुळे आपल्या इतिहासाच्या पुस्तकात आला.

तेव्हा संरक्षक जकात नेहमीच वाईट आणि खुला व्यापार नेहमीच चांगला, असा निष्कर्ष मी काढत नाही. विणकराला संरक्षण हवे असते आणि कागदगिरणीतल्या कामगारालाही पोट असते. पण कागद हा इतर मालासारखा माल नाही, एवढे मला पटले आहे. आपल्याकडेही हा वाद झालाच आहे. वर्तमानपत्राच्या आयात कागदावरील जकातीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि असा कर बसवताना विचारस्वातंत्र्यावर होणारा परिणाम सरकारने लक्षात घेतला पाहिजे, असा निकाल १९८४ च्या डिसेंबरात लागला. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात या कागदावर दहा टक्के जकात बसली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ती पाच टक्के झाली. प्रत्येक वेळी गिरणीवाला बोलतो, वर्तमानपत्राचा मालक बोलतो, सरकार बोलते. अंक विकत घेणारा मात्र गप्प असतो. तो फक्त एक अंक कमी घेतो, किंवा शेजाऱ्याचा मागून वाचतो. जकातीची सौदेबाजी करणाऱ्यांनी समोरच्या देशाकडे जरूर पाहावे; पण आपल्या हातातले हत्यार आपल्याच कोणत्या माणसाच्या मानेवर टेकले आहे, हेही पाहावे. कॉब्डेनच्या चरित्रातून मी घेतला तो एवढाच धडा.

शेवटी आमच्या पानांच्या घासाघिशीबद्दल. दुसऱ्या बैठकीत कन्नड विभागाच्या मित्राने आपली गोष्ट पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवत असल्याचे सांगितले. त्याने बदल्यात काही मागितले नाही. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. हा लेख मुळात याच्या दुप्पट होता. त्या रात्री बसून मी तो निम्मा केला. वाचकांची त्यात काही हानी झाली असेल असे वाटत नाही. मित्राची गोष्ट मात्र पुढच्या अंकात जरूर वाचावी.